कनकदुर्गावरून हर्णै बंदर: सोलापूरहून जाणाऱ्या कुटुंबासाठी

सोलापुरातील एका शिक्षक दाम्पत्याने विचारले आहे की, हाताशी तीन दिवस आहेत, बरोबर सत्तरीचे आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. अशा वेळी समुद्र उंचावरून नीट दिसेल आणि कोळी बांधवांचे मासेमारीचे जीवनही समजून घेता येईल, असे कोकणातील कोणते ठिकाण निवडावे, कधी जावे आणि तेथे काय पाहावे? सोलापूरहून कोकणात अभ्याससहली नेण्याचे काम मी बऱ्याच वर्षांपासून करतो. त्या अनुभवावर हे उत्तर आधारलेले आहे.

ठिकाणाबद्दल माझ्या मनात संदेह नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात हर्णै येथे कनकदुर्ग नावाचा छोटा किल्ला आहे. समुद्रात घुसलेल्या भूशिरावर तो उभा आहे. काळ्या दगडाचे बुरूज, पाण्याची टाकी आणि दीपगृह एवढेच अवशेष तेथे उरले आहेत, त्यामुळे केवळ किल्ला म्हणून पाहणाऱ्याची निराशा होऊ शकते. मात्र त्याच जागेवरून एका बाजूला पाण्यात उभा असलेला सुवर्णदुर्ग आणि दुसऱ्या बाजूला हर्णैचे संपूर्ण मासेमारी बंदर एका दृष्टिक्षेपात येते. कोकणात याहून उंच कडे आहेत, याहून निर्जन आणि छायाचित्रांत अधिक शोभणारेही आहेत. परंतु समुद्राचे दृश्य आणि समुद्रावर जगणाऱ्या माणसांचे काम ही दोन्ही एकाच जागेवरून इतकी स्पष्ट दिसणारी स्थळे मोजकीच आहेत.

किल्ला आणि मच्छीमार बंदर शेजारी शेजारी असण्यामागे कारण आहे. सुवर्णदुर्गाचे बेट किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर आहे आणि ते खुल्या समुद्रावरून येणाऱ्या लाटांचा जोर काही प्रमाणात अडवते. बेट आणि किनारा यांच्यामधील पाणी त्यामुळे तुलनेने शांत राहते. अशा आडोशाच्या पाण्यात आरमाराची गलबते सुरक्षित राहत, आणि आज त्याच पाण्यात मासेमारीच्या नौका नांगरून पडलेल्या दिसतात. सुवर्णदुर्ग हे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे महत्त्वाचे ठाणे होते, आणि त्याच्या रक्षणासाठी समोरच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन किल्ले होते. 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध केलेल्या मोहिमेत कमोडोर जेम्स याच्या नौदलाने सुवर्णदुर्ग घेतला. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. मुलांना हा इतिहास सांगताना एक गोष्ट अवश्य सांगावी. मराठ्यांच्या आरमारातील खलाशी आणि तांडेल (नौकेचे प्रमुख) हे मुख्यत्वे याच किनाऱ्यावरील कोळी, भंडारी, खारवी आणि दालदी समाजांतून आलेले होते. ज्यांना वारा आणि पाणी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते, त्यांच्याच बळावर हे आरमार उभे राहिले.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. माझा आग्रह असा की, या सहलीचे वेळापत्रक सुटीच्या सोयीने ठरवू नये, भरती-ओहोटी पाहून ठरवावे. पर्यटक कनकदुर्गावर दुपारी बाराला पोहोचतात, दहा मिनिटे छायाचित्रे काढतात आणि निघून जातात. त्या वेळी बंदरातील नौका स्थिर असतात, वाळूवर वर्दळ नसते आणि खाली चालणाऱ्या व्यवहाराचा काहीच बोध होत नाही. तोच मनुष्य योग्य तिथीला, योग्य वेळी तेथे उभा राहिला, तर बंदराचा सगळा कारभार त्याला वरून उलगडत जाताना दिसतो.

सोलापूरकरांना तिथी शिकवण्याची गरज नाही. आषाढी आणि कार्तिकी एकादशीभोवती आपल्या जिल्ह्याचे वर्ष फिरते. मच्छीमारही तिथीच मोजतो, फक्त त्याचा हेतू वेगळा असतो. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. पंधरवड्यातील तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे त्या दिवशीच्या पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला किंवा अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते, आणि भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकत जाते. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, म्हणून नौकेने जायचे असल्यास भरतीचे छापील कोष्टक पाहावे किंवा स्थानिक नाविकाला विचारावे. सहलीच्या आखणीसाठी मात्र हा ठोकताळा पुरेसा आहे, आणि मुलांना तो तोंडी हिशेब म्हणून फार आवडतो.

पौर्णिमा आणि अमावस्येच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती खूप वर चढते आणि ओहोटीला पाणी खूप दूर जाते, त्यास उधाण म्हणतात. अष्टमी-नवमीच्या सुमारास पाण्याची चढउतार सर्वांत कमी असते, तो भांग. हा फरक मासेमारीच्या पद्धतींवर थेट परिणाम करतो. उत्तर कोकणात प्रचलित असलेले डोल हे पिशवीसारखे जाळे पाण्यात एका जागी बांधून ठेवतात आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर मासळी त्यात शिरते. उधाणाचा प्रवाह जोरदार असल्याने डोलीचे काम उधाणात चालते आणि भांगाच्या दिवसांत मंदावते. याउलट, पाण्यात भिंतीसारखे सोडलेले जाळे माशाला दिसू नये हे महत्त्वाचे असते, म्हणून अशा मासेमारीला काळोख्या रात्री अधिक अनुकूल मानल्या जातात. आपल्या मुलांनी उजनीच्या जलाशयावर जाळी टाकणारे मच्छीमार पाहिले असतील. तेथील पाण्याला अशी दैनंदिन चढउतार नाही, त्यामुळे तेथील मच्छीमाराचा दिवस सूर्यावर चालतो आणि हर्णैच्या मच्छीमाराचा दिवस चंद्रावरही. हा फरक मुलांच्या लक्षात आणून दिला, तर पुढचे सगळे त्यांना आपोआप समजू लागते.

यावरून आपल्यासाठी कोणते दिवस योग्य ठरतात ते पाहू. हर्णैच्या किनाऱ्याचा उतार मंद आहे आणि मोठ्या नौका किनाऱ्याला टेकू शकत नाहीत. त्या खोल पाण्यात नांगरतात, मासळी लहान होड्यांत उतरवली जाते आणि होड्या उथळ पाण्यापर्यंत आल्या की तेथून पुढे ती बैलगाड्यांनी वाळूवर आणली जाते. समुद्राच्या पाण्यात शिरलेल्या बैलजोड्या हे हर्णैचे वैशिष्ट्य आहे, आणि ज्यांच्या घरी किंवा नात्यात शेती आहे त्या सोलापूरकराला हे दृश्य विशेष जवळचे वाटेल. त्याच गाड्यांतून नौकांसाठी बर्फ आणि इंधनही नेले जाते. पक्क्या बंदराची येथील मच्छीमारांची मागणी जुनी आणि रास्त आहे, आणि ते पूर्ण झाले की गाड्यांचे काम ओसरेल. त्याबद्दल पर्यटकाने हळहळू नये, कारण मासळीच्या ओझ्यासह कमरेएवढ्या पाण्यातून ये-जा करणे हे फार कष्टाचे काम आहे.

संध्याकाळी ओहोटी असेल, तर पाणी दूर गेलेले असते, वाळूचा मोठा पट्टा उघडा पडतो आणि होडीपासून लिलावापर्यंतची सगळी वाटचाल उंचावरून स्पष्ट दिसते. संध्याकाळी ओहोटी केव्हा असते, याचे उत्तर वरच्या हिशेबातच आहे. चतुर्दशीला भरती साडेदहाला, म्हणजे ओहोटी पावणेपाचच्या सुमारास, पौर्णिमा-अमावस्येला साडेपाचच्या आसपास, प्रतिपदेला सहानंतर. म्हणून चतुर्दशी ते प्रतिपदा यांपैकी एखादा दिवस हर्णैतील मुख्य दिवस ठरेल, असा प्रवास आखावा. भांगाच्या दिवसांत गेल्यास सहल वाया जात नाही, पण संध्याकाळी पाणी वरपर्यंत आलेले असते, जागा अरुंद होते आणि गर्दीत वृद्धांना उभे राहणे अवघड जाते.

महिन्याची निवड सोपी आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा अनेक जातींच्या मासळीच्या प्रजननाचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत नौका किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, जाळ्यांची दुरुस्ती चालते, आणि बंदरावर लिलावाची गजबज नसते. श्रावणातील नारळी पौर्णिमेला कोळी बांधव समुद्राला नारळ अर्पण करतात, नौकांची पूजा होते आणि नव्या हंगामाकडे सगळ्यांचे डोळे लागतात. तो सण पाहण्यासारखा आहे, मात्र घाटातील पाऊस आणि वृद्धांचा प्रवास यांचा विचार करता आपल्या कुटुंबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ अधिक योग्य राहील. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या ठिकाणी दूरध्वनी करून नौका समुद्रात जात आहेत ना, एवढे विचारून घ्यावे. हवामान विभागाने वादळाचा इशारा दिला की हर्णैच्या नौका जवळच्या आंजर्ले खाडीत किंवा अन्य सुरक्षित ठिकाणी आश्रयाला जातात, आणि मग काही दिवस लिलाव थंडावतो.

सोलापूरहून पंढरपूर, कऱ्हाड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, खेड आणि दापोली असा मार्ग मी पसंत करतो. हर्णैपर्यंतचे अंतर सुमारे चारशे किलोमीटर आहे आणि वृद्ध मंडळींसाठी थांबे घेत गेल्यास दहा-अकरा तास लागतात. पहाटे निघावे म्हणजे घाट उजेडात उतरता येतो. पुण्यावरून ताम्हिणी घाटाने जाण्याचा मार्गही चांगला आहे, पण पुण्यातील वाहतुकीत वेळ जातो. सोलापूरहून कोकण रेल्वेच्या खेड स्थानकापर्यंत थेट गाडी नसल्यामुळे कुटुंबासह जाताना रस्त्याचाच प्रवास सोयीचा. पहिल्या दिवशी हर्णै, मुरुड किंवा कर्दे येथे मुक्कामाला पोहोचून विश्रांती घ्यावी आणि त्या दिवशी काहीही पाहण्याचा हट्ट धरू नये. पहाटेची वाटचाल, मग कडाक्याचा घाट आणि त्यावर लगेच किल्ल्याच्या पायऱ्या, हे सत्तरीच्या माणसावर लादणे योग्य नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास कनकदुर्गावर जावे. पायथ्यापर्यंत वाहन जाते आणि पुढे पायऱ्या आहेत, त्या आई-वडिलांनी सावकाश चढाव्यात. सकाळी सूर्य पाठीमागे म्हणजे पूर्वेला असतो आणि त्याचा प्रकाश समोरच्या सुवर्णदुर्गाच्या तटावर सरळ पडतो, म्हणून किल्ला पाहण्याची आणि छायाचित्रांची वेळ हीच. बरोबर दुर्बीण असेल तर उत्तम. मुलांना आधी नौकांचे प्रकार ओळखू द्यावेत: खोल पाण्यात नांगरलेल्या मोठ्या यांत्रिक नौका कोणत्या, त्यांच्याकडे ये-जा करणाऱ्या लहान होड्या कोणत्या, कोणत्या नौकेवर बर्फ चढवला जात आहे, कोणती रिकामी होत आहे. काही नौका त्याच दिवशी परततात, तर काही बर्फ आणि शिधा घेऊन अनेक दिवस समुद्रात राहतात. बर्फ भरून घेणारी नौका लांबच्या फेरीला निघाली आहे, हे मुलांनी स्वतः ओळखले की त्यांचा आनंद पाहण्यासारखा असतो.

सुवर्णदुर्गावर जायचे असेल तर त्याच सकाळी हर्णै बंदरातून नौकेने जावे. दुपारनंतर समुद्राकडून येणारा वारा वाढतो आणि पाणी उसळू लागते, म्हणून परतीची नौका दुपारपूर्वी किनाऱ्याला लागली पाहिजे. जीवरक्षक जाकीट प्रत्येकाला मिळाल्याशिवाय नौकेत बसू नये, आणि आज जाणे बरे नाही असे नाविकाने सांगितले तर त्याच्याशी वाद घालू नये. किल्ल्यावर उतरताना कधी गुडघाभर पाण्यातून जावे लागते. त्यामुळे आई-वडिलांनी या फेरीत न जाता कनकदुर्गाच्या सावलीत किंवा मुक्कामी थांबावे, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. मुलांना प्रवेशद्वारापाशी दगडात कोरलेले कासव आणि मारुतीचे शिल्प दाखवावे.

दुपारी विश्रांती घेऊन चारच्या सुमारास पुन्हा कनकदुर्गावर यावे. एकाच जागी दिवसातून दोनदा कशाला, असा प्रश्न पडेल. दुपारच्या सुमारास वरपर्यंत चढलेले पाणी आता कितीतरी मागे हटलेले असते, नौका परतू लागलेल्या असतात, बैलगाड्या पाण्याकडे निघालेल्या असतात आणि वाळूवर माणसांचे घोळके जमू लागतात. अर्धा तास शांतपणे हे वरून पाहिले की खाली गेल्यावर गोंधळ वाटत नाही. थेट लिलावात शिरणाऱ्या नवख्या माणसाला फक्त आरडाओरडा ऐकू येतो. वरून पाहून आलेल्याला मात्र कोणती टोपली कोणत्या नौकेतून आली आणि आता कोठे जाणार, हे ठाऊक असते.

लिलावाची रीत थोडक्यात सांगतो. मासळी जातीनुसार वेगळी करून टोपल्यांत किंवा ढिगांत मांडतात, लिलाव पुकारणारा भाव सांगतो, खरेदीदार बोली चढवतात आणि काही क्षणांत व्यवहार ठरतो. पापलेट, सुरमई, हलवा, बांगडा, कोळंबी आणि माकूल यांतील बरीच मासळी मोठे व्यापारी घेतात आणि बर्फात घालून बाहेर पाठवतात. काही मासळी कोळी भगिनी लिलावात घेऊन तेथेच किरकोळ विकतात, आणि भाव ओळखण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नसते. मिळालेल्या पैशांतून इंधन, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, आणि उरलेल्या रकमेत नौका, जाळी, तांडेल आणि खलाशी यांचे वाटे पडतात. फेरीत मासळी मिळाली नाही तर खलाशाच्या हाती फार काही पडत नाही, ही बाब मुलांना समजावी. 2023 मध्ये राज्य शासनाने चंदेरी पापलेटला राज्य मासा घोषित केले. त्यामागे या माशाच्या घटत्या प्रमाणाची चिंता होती, कारण वाढ पूर्ण होण्याआधीच लहान पिल्ले जाळ्यात येतात. प्रखर एलईडी दिव्यांनी मासळी आकर्षित करून पकडण्यावर केंद्र शासनाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी असे प्रकार थांबलेले नाहीत, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार आपल्याला बंदरावर ऐकायला मिळेल. ती ऐकून घ्यावी.

बंदरावर वागण्याचे भान हा विषय मी प्रत्येक सहलीत आधीच बोलतो. हा लिलाव पर्यटकांसाठी मांडलेला देखावा नाही. भरलेली गाडी किंवा टोपली येत असेल तर वाट सोडावी. वाळूवर पसरलेली जाळी तुडवू नयेत, होडीत चप्पल घालून चढू नये, आणि कोणाचेही छायाचित्र विचारल्याशिवाय काढू नये. लिलाव चालू असताना प्रश्न विचारून माणसांना अडवू नये. व्यवहार आटोपला की तीच माणसे आपणहून बोलतात, सोलापूरहून आलो म्हटल्यावर पंढरीची चौकशी करतात. शेजारच्या पाजपंढरी या कोळी वस्तीत जायचे असेल, तर ओळखीच्या स्थानिक माणसाबरोबर जावे. घराच्या ओटीवर डोकावत फिरू नये.

तिसऱ्या दिवशी परतीच्या आधी सकाळी आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाता येईल. मंदिरापर्यंत वाहन जात असल्याने आई-वडिलांना त्रास होत नाही आणि तेथून सुवर्णदुर्ग दुसऱ्या बाजूने दिसतो. वादळात नौका ज्या खाडीत आश्रय घेतात, ती आंजर्ल्याची खाडीही वाटेतच पुलावरून दिसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर आंजर्ले आणि मंडणगड तालुक्यातील वेळास येथे कासवांच्या पिल्लांना समुद्रात सोडण्याचा कार्यक्रम असतो, पण तो त्या वर्षीच्या अंड्यांवर अवलंबून असल्याने केवळ त्यासाठी दिवस ठरवू नयेत.

ताजी मासळी सोलापूरपर्यंत नेण्याचा मोह टाळावा. दहा तासांच्या प्रवासात साध्या डब्यातला बर्फ टिकत नाही आणि घाटाखालची उष्णता मासळी खराब करते. ती मुक्कामाच्या घरीच करवून घ्यावी, कल्ले लालसर आणि डोळे पारदर्शक असलेली निवडावी. घरी न्यायचे असेल तर सुके बोंबील, जवळा किंवा सोडे घ्यावेत, चांगले खडखडीत वाळलेले आहेत याची खात्री करावी आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात भरावेत. कागदात बांधलेल्या सुकटीचा वास गाडीत दिवसभर राहतो. हर्णैहून दहा वाजेपर्यंत निघालात तर कुंभार्ली घाट दुपारी चढून होईल आणि रात्रीच्या जेवणाला पंढरपूर गाठता येईल.